बुधवारचा उपवास

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी कुणाला जात विचारत नाही. त्याऐवजी उपवास धरतात.

वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून रिटायर झाले, तेव्हा आम्ही क्वार्टर सोडून विश्रांतवाडीत फ्लॅट घेतला. समोरच्या दारातल्या काकू पहिल्याच दिवशी चहाचा थर्मास घेऊन आल्या. मग रोज सकाळी आईची आणि त्यांची जोडीने फेरी, त्यांच्या कुंडीतला कढीपत्ता आमच्या फोडणीत, आमच्या कुंडीतला त्यांच्या. बायकांच्या भिशीत आईला त्यांनीच ओढलं. भिशी नावाला. दर महिन्याला एकीच्या घरी जमायचं, खायचं आणि जी आली नसेल तिच्याबद्दल बोलायचं. आमच्या हॉलमधली बुद्धमूर्ती त्यांना शोपीस वाटली होती. तशी एक त्यांच्याही टीव्हीशेजारी आहे, मॉलमधून आणलेली.

वैशाखी पौर्णिमेला आई पांढरी साडी नेसून विहारातून परतली. लिफ्टमध्ये काकूंनी विचारलं, कुठून आलात; विहारातून, आम्ही बौद्ध, असं आईने सरळ सांगून टाकलं. काकू म्हणाल्या, "अगंबाई, वाटत नाही हो तुमच्याकडे बघून." हे कौतुक होतं म्हणे.

तेव्हापासून आमच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं की त्यांचा उपवास असायचा. सोमवारी महादेवाचा, गुरुवारी दत्ताचा, मध्येच चतुर्थी, एकादशी. आई त्यांच्याकडे जेवायची, त्या आमच्याकडे चहाही घेईनात. कढीपत्ता मात्र चालायचा. कच्चा असतो ना.

अशात भिशीची पाळी आमच्या घरी आली. मी आईला म्हटलं, एक तर घेऊच नकोस, नाहीतर मला बोलू दे. चौकाचौकांत जातीविरोधातली पत्रकं वाटते मी, असल्या लोकांशी कसं बोलायचं ते मला कळतं. आई कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "पत्रकं तू चौकात वाट. क्वार्टरमध्ये दिवसभर दारं उघडी असायची. इथं त्या चार बायका गेल्या तर मी भिंतींशी बोलू का?"



आईने भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि एक बुधवार शोधला. त्या दिवशी ना एकादशी, ना चतुर्थी, ना कसलं व्रत. सकाळपासून राबून तिने दहीवडे केले. वर, कुणी सांगावं, म्हणून साबुदाण्याची खिचडीही केली.

बायका आल्या, मूर्तीकडे न बघता बसल्या. आईने दहीवड्यांचा ट्रे पुढे केला तशी एकीला अचानक ॲसिडिटी झाली, दुसरी नुकतीच जेवून आली होती. बाकीच्या काकूंकडे बघत राहिल्या. काकू हसल्या आणि म्हणाल्या, आज उपवास आहे. आईने शांतपणे खिचडीची बशी त्यांच्यासमोर ठेवली.

"नको वहिनी. उपवासाला मला बाहेरचं चालत नाही."

बाहेरचं! त्यांच्या दारापासून आमचं दार हातभर अंतरावर. मी तोंड उघडलं, पण आईने डोळ्यांनीच थांबवलं. तेवढ्यात काकूंनी पर्समधून बाटली काढली आणि त्या स्वतःचं पाणी प्यायल्या. आईने भरून ठेवलेले ग्लास तसेच राहिले. ती मात्र शेवटपर्यंत बसून गप्पा मारत होती. बायका गेल्यावर तिने एकेक ग्लास करून ते पाणी सिंकमध्ये ओतलं. दहीवडे आम्ही दोन दिवस खाल्ले.

पुढच्या महिन्यात भिशी काकूंकडे. तू जाऊच नकोस, असं मी बजावलं. ती गेली आणि मलाही घेऊन गेली. तोंड उघडायचं नाही, या अटीवर. काकूंनी बटाटेवडे केले होते, वास जिन्यापर्यंत येत होता. पहिली बशी त्यांनी आईपुढे धरली.

आई म्हणाली, "नको, आज माझा उपवास."

"आज? आज कसला हो?"

"तुमचा त्या बुधवारी होता ना, तोच."

कुणाच्या तरी तोंडातला वडा तोंडातच राहिला असावा. काकूंच्या हातात बशी तशीच धरलेली, चेहरा लाल. आई उठून गेली नाही. पाण्याला न शिवता सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत बसून राहिली, नातवंडांची चौकशी केली, मग निघाली. घरी येऊन तिने डब्यातली शिळी भाकरी काढली. आता ही मैत्री गेली, असं ती म्हणाली. मी पाण्याचा ग्लास भरून तिच्यापुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच फेरीला निघाली. मी गॅलरीतून बघत होते. गेटपाशी काकू उभ्या होत्या. दोघी चालू लागल्या, पण बरोबरीने नाही, एक जरा मागे. वळणाआड गेल्या.

त्या परत आल्यावर आईने सांगितलं, संध्याकाळी चहाला येऊ का, असं काकूंनी विचारलं.

"मग तू काय म्हणालीस?"

"या म्हटलं. उपवास नसेल तर."

त्या आल्या. आईने चहाबरोबर पोहे ठेवले, आमच्या भांड्यातलं पाणी ठेवलं. मी दारात हाताची घडी घालून उभी होते, तपासायला आल्यासारखी. काकू आधी पाणी प्यायल्या, मग त्यांनी पोहे खाल्ले. मीठ कमी आहे म्हणाल्या. आई मीठ आणायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

बाकीच्या बायकांचे उपवास अजून चालूच आहेत. हे त्यांच्यासाठी लिहिलंय.