टेकडीमागची धूळ

परदेशातल्या जंगलांना आगी लागत आणि आम्ही आयटीवाले कर्वेनगरच्या ऑफिसात बसून उपग्रहाच्या चित्रांवर त्यांच्या धुराच्या कडा आखत असू. धूर निळसर करडा, धूळ पिवळट तपकिरी. नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी दटावायचो, आधी चित्राची वेळ बघा, मग रंग. कुणी चुकलं की सगळ्यांदेखत धारेवर धरायचो.

घर वाघोलीला, टेकडीच्या पायथ्याशी. टेकडीपलीकडे खडी क्रशर, त्यामुळे आमच्या खिडक्या कायम बंद. निवृत्तीनंतर वडिलांनी टेकडीवर कडुलिंबाची रोपं लावली होती. रोज पाण्याचे दोन कॅन घेऊन ते वर चढत.

"तुझ्या उपग्रहाला माझी झाडं दिसतात का?" ते विचारत. नाही म्हटलं की म्हणत, "मग एवढ्या उंच पाठवला कशाला?"

मार्चमधल्या एका दुपारी त्यांचा फोन आला. "टेकडीमागून काहीतरी उठतंय. बघ जरा. वर जाऊ का नको?"

मी कामात होतो, वैतागलो. स्क्रीनवर वाघोली काढली. क्रशरवर तपकिरी डाग होता.

"धूळ आहे, बाबा. रोजचीच. जा खुशाल."

चित्र दोन तासांपूर्वीचं होतं.

शेजाऱ्यांचा फोन आल्यावर गाडी हाणत पोचलो, तेव्हा दोघेजण वडिलांना उचलून खाली आणत होते. रोपं वाचवायला ते फांदीने आग झोडपत राहिले होते. तळव्यांची कातडी लोंबत होती, पायजमा पोटऱ्यांना चिकटला होता. गर्दीत एक म्हातारा गुराखी उभा होता.

"दरसाल जाळतो की, सायेब," तो कुणाला तरी सांगत होता. "जुनं गवात जळलं की नवं जोमानं येतंय. वर मानूस हाय, ठावं नव्हतं."

मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. तो पडला, तरी मारतच राहिलो. त्याचा दात माझ्या बोटात रुतला. चौघांनी ओढलं म्हणून, नाहीतर मी त्याला ठारच केलं असतं.

तिसऱ्या दिवशी वडील बोलायला लागले. हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये. मी पाण्याचा पेला त्यांच्या ओठांशी धरला. त्यांनी माझ्या बोटावरची पट्टी पाहिली.

"त्याला मारलंस म्हणे."

"आग त्याने लावली होती, बाबा."

"हो. पण वर जाऊ का, हे मी त्याला विचारलं नव्हतं."