थांबलेले हात

आज माझ्या लेकीचे, सुमनचे केस धुतले आणि बघते तर तेलाची बाटली रिकामी. कोरड्या केसांचा वास आला आणि मी मनाने पुन्हा वापीच्या दवाखान्यातल्या त्या खोलीत जाऊन बसले. सुमन तेव्हा चार वर्षांची होती. मेंदूची तपासणी आहे, डोक्याला तेल लावू नका, असं सांगितलं होतं, म्हणून आमच्या गावाहून, उधव्याहून तिला तशीच नेली होती.

आधी ती हातात वाटी धरायची. मग ते सुटलं आणि ती दिवसभर छातीपाशी हातावर हात आपटत राहायला लागली. सासू कौतुकाने म्हणायची, "नागलीची भाकरी थापते माझी पोर."

डोक्याला वायरी चिकटवल्या तरी हात चालूच होते. औषधाने झोप लागली, तेव्हा ते सुटून चादरीवर पडले. "निजली बाय," सासू हळूच म्हणाली. मलाही बरं वाटलं.

तेवढ्यात मशीनच्या पडद्यावरच्या रेघा उसळायला लागल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बेन, झोपेत मेंदूतलं हे उसळणं जास्त होतं. हात थांबले तरी डोकं शांत झालेलं नाही." आजाराचं नाव रेट सिंड्रोम, हे नंतर कळलं. त्या वेळी मी नुसती पडद्याकडे बघत राहिले.

सुमन आता माझ्या खांद्याला लागते. मघाशी उन्हात केस वाळता वाळता तिला डुलकी लागली आणि हात थांबले. मी काम टाकून तिच्याजवळ जाऊन बसले.

"शांत झोपलीय ना?" सासूने आतून विचारलं.

"हो," मी म्हणाले.