ओहोटीत मोजलेली वेळ

हरमलच्या किनाऱ्यावर मी सगळ्यात वेगवान पोहणाऱ्यांच्या रांगेत उभा होतो. ट्रायथलॉनच्या अर्जात पोहायला किती वेळ लागेल ते विचारलं होतं, आणि त्या आकड्यावरून रांगा लावल्या होत्या. मी माझी वेळ मोजली होती चोपड्याच्या नदीत, ओहोटी लागलेली असताना. पाणीच मला समुद्राकडे ओढून नेत होतं, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

शिटी वाजली. पाण्याच्या कडेला अंथरलेल्या चटईवरून दर पाच सेकंदांनी चौघे पाण्यात शिरू लागले. त्यांचे झपाझप चालणारे हात पाहून वाटलं, मागून येणारे माझ्या अंगावरूनच जातील. रांगेत मागे जावं, तर शिटीपासून मोजला जाणारा तेवढा वेळ वाया जाणार, असं मला वाटत होतं. कॉलेजात जाणारा आमच्या घरातला मी पहिलाच, असलं काही सांगणारं घरी कुणी नाही. आणि साधी गोष्टही बाहेर कुणाला विचारायची मला लाज वाटते.

मागे उभ्या असलेल्या एक बाई म्हणाल्या, "घाबारलंस काय रे?"

"माझी वेळ चुकीची आसा," मी कसाबसा म्हणालो. "ओहोटीत मोजली."

त्या मोठ्याने हसल्या. "मगे नदीक वांगडा घेवन येवचा होता मरे! जा मागे. त्या चटईर तुझो पाय पडलो काय मगेच तुझी वेळ सुरू. त्याआदी नाय."

मी एकेक रांग सोडत शेवटच्या रांगेत गेलो. माझी पाळी आली तेव्हा समोरचं पाणी बरंच मोकळं झालं होतं. भीती तेवढीच होती. तरी मी चटईवर पाय ठेवला.