कोंबड्यांचा उपवास

आमच्या दोब्रुजाच्या सपाट मुलखात वेलिच्काकाकीला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि तिची बोलणी खाल्ली नाहीत असाही नाही. गावाच्या सहकारी खाद्यघरात एकतीस वर्षं तिने कोंबड्यांचं खाद्य कालवलं. खाद्यघराला टाळं लागलं, पण हाताची सवय गेली नाही. मूठभर खाद्य दाबून, हुंगून ती सांगते, मका जास्त झालाय की सूर्यफुलाची पेंड कमी पडलीय. मला ते सगळं ढोंग वाटायचं. वार्ना शहरातल्या शिवणकारखान्याने मला घरी बसवलं, तेव्हा मी गावी येऊन चाळीस कोंबड्या घेतल्या होत्या. माझी सगळी भिस्त त्या चाळिसांवर होती, आणि शहाणपण शिकवणारं कोणी मला नको होतं.

पहिल्याच वर्षी ईस्टरआधीचा सात आठवड्यांचा उपवास लागला. मांस, दूध, अंडी, मासे, सगळं बंद. घरात उपवास आणि अंगणात मासळीची भुकटी, हे मनाला पटेना. मी कोंबड्यांचीही भुकटी बंद केली, चीजचं उरलेलं पाणी बंद केलं. शिंपले उपवासाला चालतात, म्हणून शिंपल्यांचा चुरा तेवढा ठेवला. बाकी नुसता मका आणि गहू. काय माझी अक्कल!

तिसऱ्या आठवड्यात अंडी घटली. मग त्या एकमेकींची पिसं उपटून गिळायला लागल्या. एकीच्या पाठीला रक्त आलं, तशा बाकीच्या तिच्यावर तुटून पडल्या. दोन मेल्या. विकणाऱ्याने खराब जात गळ्यात मारली, असं म्हणून मी त्याला शिव्या घातल्या आणि रडत रडत खाटकाला निरोप धाडला, शनिवारी सगळ्या घेऊन जा.

गुरुवारी मरियममातेला देवदूताने सुवार्ता दिल्याचा सण होता; त्या दिवशी उपवासातही मासा चालतो. खाटकानेच सांगितलं असावं, सकाळीच काकी फाटकातून आत आली आणि तिने एक कोंबडी उचलून तिची उघडी पाठ चाचपली.

"जात चांगली आहे. उपाशी आहेत बिचाऱ्या."

"उपाशी? दोन वेळा भांडी भरभरून घालते मी!"

तिने खाद्य मुठीत घेऊन हुंगलं. "मासळी कुठं गेली?"

"काकी, उपवास आहे ना."

ती फाटकाला धरून हसत सुटली. "अगं यानके, कोंबड्यांनी कसलं पाप केलंय? उपवास मीही धरते, पण मी अंडं घालत नाही! मक्याने पोट भरतं, अंग नाही भरत. अंडं बनायला, पिसं बनायला मासळी लागते, पेंड लागते. ते मिळेना, म्हणून मेल्या एकमेकींची पिसं खातात."

"भुकटी शनिवारच्या बाजाराशिवाय मिळायची नाही. तोवर आणखी मरतील."

"आधी खाटकाला नको म्हणून कळव," म्हणत ती गेली.

दुपारी ती पातेलं घेऊन परतली. आत एक मोठा मासा, काटे विरघळेस्तोवर शिजवलेला. तो तिने कोपरापर्यंत हात घालून पेंडीत कालवला, जखमी कोंबड्या वेगळ्या केल्या आणि बजावलं, "शनिवारपर्यंत थोडं थोडं पुरव."

"हा मासा कुठला?"

"पुतण्याने दोन दिले होते. एक मी खाल्ला."

दोन दिवसांत टोचाटोची थांबली. शनिवारी भुकटी आणली. ईस्टरपर्यंत पाठींवर नवे कोंब फुटले होते आणि रोजची सव्वीस अंडी मिळू लागली होती.

सणाला लाल रंगवलेली अंडी घेऊन मी काकीकडे गेले. तिची बहीण दोन्का तिथेच होती. रिवाजाप्रमाणे काकीने आपलं अंडं माझ्या अंड्यावर आपटलं. माझं फुटलं, मी हरले, आणि काकी लहान पोरीसारखी खूश झाली.

मी दोन्काला म्हटलं, "त्या दिवशी काकीच्या पुतण्याचे मासे आले नसते, तर मी संपले होते."

"मासे कसले? एकच आला होता," दोन्का म्हणाली. "एवढ्या लांबलचक उपवासात मासा चालतो दोन दिवस. त्यातला एक दिवस हिने घेवड्याच्या पातळ सारावर काढला."

"दोन्के, तोंड आवर," काकी अंडं सोलत म्हणाली. "आणि यानके, तू काय बघत बसलीस? मीठ दे इकडे."

मी मीठ दिलं नाही. माझ्या अडतीस कोंबड्या तिच्या ताटातलं जेवल्या होत्या, आणि आपणही जेवलो असं तिने मला खुशाल सांगितलं होतं. मी तिचा अंडं धरलेला हात तसाच ओढून ओठांना लावला आणि ती ओरडेपर्यंत सोडला नाही.