देवक शोधायला नैरोबीहून निमगावला

माझं लग्न अडलं होतं ते देवकावरून. मुलगा कंपालाचा, शिकलेला, घरची माणसं समजूतदार. पण त्याची आई आमच्याकडे नैरोबीला आली आणि चहा पिता पिता तिनं विचारलं, "तुमचं देवक कोणतं?" लग्नाआधी घरात ज्या झाडाची डहाळी आणून पुजतात ते आपलं देवक. दोन्ही घरांचं एकच निघालं तर मुलगा-मुलगी बहीणभाऊ ठरतात आणि विषय तिथंच संपतो. त्यांचं देवक कळंब. आमचं काय, हे अख्ख्या आफ्रिकेत कुणाला ठाऊक नव्हतं.

आजोबा, रखमाजी, हे गवंडी. रेल्वेच्या पुलांच्या कामावर मोंबासाला गेले ते तिकडचेच झाले, आणि बाबा सात वर्षांचे असताना वारले. मागे माहिती ठेवली ती एवढीच: इंदापूर तालुका, निमगाव केतकी, घरचा पानमळा आणि शेतातला खंडोबा. बाबांचं लग्न दोन हार घालून उरकलं होतं, तेव्हा देवकाची चौकशी कुणी केलीच नव्हती. ती माझ्या वाट्याला आली. बाबांनी रजा काढली तेव्हा मी म्हटलं, मीही येते. "तू कशाला?" "लग्न माझं आहे." त्यांनी दोन तिकिटं काढली.

ही हकीकत पन्नासच्या दशकातली. आता नातीनं मला ब्लॉग काढून दिलाय आणि आपापली गावं शोधायला निघालेल्यांची पत्रं येतात, म्हणून लिहिते. गाड्यांवर आणि भाड्यांवर विसंबू नका, ते सगळं बदललंय. बाकीचं अजून उपयोगी पडेल.

मोंबासाहून बोटीनं मुंबई, डेकचं तिकीट. पहिले तीन दिवस मी फक्त लिंबू चोखलं, त्यामुळे समुद्राचं वर्णन माझ्याकडून अपेक्षू नका. मुंबईत न थांबता आगगाडीनं दौंड गाठलं आणि तिथं बारामतीची छोटी गाडी धरली. तिचे रूळ इतके जवळजवळ की जन्मभर रेल्वेच्या कचेरीत बसलेले बाबा वाकून वाकून बघत राहिले. वाटेत एक बाप्या चालत्या गाडीतून उतरला, शेजारच्या शेतातला हरभऱ्याचा डहाळा उपटला आणि पुन्हा आमच्याच डब्यात चढला. निम्मा डहाळा मला दिला. बाबांनी दोनदा घड्याळ बघितलं आणि मग ते खिशात ठेवून दिलं.

बारामतीत धर्मशाळेत उतरलो. पेठेत गुळाच्या ढेपा रचलेल्या, रस्ताभर तोच वास. खानावळीत बाजरीची भाकरी, पिठलं आणि असा ठेचा की बाबांची टोपी घामानं भिजली. दोघांचं पोटभर जेवण रुपयाच्या आत झालं. ज्यांना तिखट सोसत नाही त्यांनी आधीच ताक मागून घ्यावं. खानावळवाल्या मामांनी आम्ही कुठले, कशाला आलो, सगळं विचारून घेतलं आणि मान डोलावली.

"जिमिनीचं काम हाय व्हय?"

"नाही हो, नातलग शोधायला आलोय," बाबा म्हणाले.

"तेच की," मामा म्हणाले आणि ताक आणायला गेले. आम्हाला त्यातलं काही कळलं नाही.

आता आमची चूक सांगते. बाबा कचेरीतला माणूस. माणसं शोधायची तर आधी कागद बघावेत, हा त्यांचा स्वभाव. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही निमगावला न उतरता एसटीनं सरळ इंदापूर गाठलं आणि मामलेदार कचेरीत जाऊन जमिनीच्या जुन्या नोंदी मागितल्या. कारकून भला माणूस. तीन तास धूळ खाऊन त्यानं रखमाजी हे नाव शोधून दिलं, थोरल्या भावाच्या नावाशेजारी. त्या भावाचा मुलगा किसन गावातच असतो, हेही सांगितलं. बाबांनी ते नाव दोनदा बोटानं गिरवलं. आम्ही खुशीत होतो. आफ्रिकेतून वारस आला आणि कचेरीत जमिनीचे कागद काढून बसला, ही बातमी त्याच संध्याकाळच्या एसटीनं निमगावला पोचली. आम्ही तिच्या मागाहून, दुसऱ्या दिवशी सकाळी.

बाजाराचा दिवस होता. किसनआबांचा मळा विचारला तर माणसं आमच्याकडे नीट बघून घेत आणि मगच हात करत. मळ्याच्या तोंडाशी आबा उभेच होते. साठीचे, काटक, बोलणं तोडकं.

"पायताणं भाईर काढा. पानमळा हाय."

आम्ही चपला काढून आत गेलो. वेलींखाली गारवा होता आणि पाटाचं पाणी झुळझुळत होतं. बाबांनी सगळं सांगितलं: रखमाजी, मोंबासा, पूल. आबा पानं खुडत ऐकत होते.

"रखमाजी म्हणून आमच्यात कुणी न्हवतं."

"कचेरीत नाव आहे, तुमच्या वडिलांच्या शेजारी."

"आसंल. नावं लई आस्त्यात."

मी दोघांकडे बघत होते. दोघांचे कान वरून सारखेच दुमडलेले. मला राग आला. समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला हा चुलतभाऊ आपलं नाव द्यायला तयार नव्हता. आजोबा गेले तेव्हा विहिरीवरचा पानमळा सोडला तर इथं कुसळं उगवत होती. नंतर कालव्याचं पाणी खेळलं आणि प्रत्येक बांधाला मोल आलं, हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं?

गंमत म्हणजे पाहुणचारात त्यांनी काही कमी केलं नाही. वांग्याचं भरीत, भाकरी, गुळाचा चहा, पडवीत झोपायला वाकळ. दर वेळी हाक मात्र 'पाव्हणं' अशी. देवकाचा विषय मी काकूंकडे, म्हणजे आबांच्या बायकोकडे काढून बघितला. त्या म्हणाल्या, "त्ये त्यास्नी इचारा, पोरी," आणि भाकरी उलटायला वळल्या. देवक सांगायचं म्हणजे भावकी मान्य करायची, आणि भावकी मान्य केली की वाटणी आली. त्यांचं गणित चुकत नव्हतं. फक्त आमचं लग्न त्यात बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे घरात धावपळ झाली. आबांच्या सुनेला मुलगी झाली. बाबांनी आबांचं अभिनंदन केलं, सामान बांधलं आणि म्हणाले, "आम्ही दुपारच्या एसटीनं निघतो. जाण्याआधी खंडोबाला नारळ फोडून जाऊ. वडिलांची तेवढी एक आठवण आहे."

आबा वाट दाखवायला बरोबर आले. देऊळ म्हणजे बांधाच्या कडेला एक दगडी घुमटी, शेजारी उंबर. गुरव झाडत होता. बाबांनी वहाणा काढल्या, नारळ हातात घेतला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. आबा मागे थबकले होते. पायरीच्या अलीकडे ते उगाच पागोटं सारखं करत उभे होते. बाबा दुसरी पायरी चढले.

"थांबा."

बाबा वळले.

"तुमाला आत जाता यायचं न्हाय. पोर झालीया, धा दिस सोयर हाय."

मूल जन्मलं की त्या कुळाच्या माणसांनी दहा दिवस देवाला शिवायचं नसतं, ते हे सोयर. बाबांनी ते फक्त ऐकलेलं होतं. ते म्हणाले, "पण ते तुमच्या घरच्यांना ना?"

"भावकीला लागतंच की," आबा जमिनीकडे बघत म्हणाले.

गुरवाचा खराटा थांबला. बाबा दोन्ही पायऱ्या उतरले आणि नारळ हातात घेऊन आबांसमोर उभे राहिले. आबा उंबराखाली बसले.

"रखमाजी माजा चुलता. आई सांगायची, भाकरी बांधून घिऊन गेला त्यो परत आलाच न्हाय. माणसाशी खोटं बोललो मी. पर सोयरात तुमाला देवाम्होरं जाऊ दिलं आस्तं तर त्ये पाप कुठं फेडू? आता जिमिनीचं काय आसंल ते बोलून टाका."

"मला जमीन नको. देवक सांगा."

"येवढंच?"

"एवढंच. हिचं लग्न थांबलंय."

"मग कचेरीत कशापायी गेलता?"

"नाव शोधायला."

आबा माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसले. "आरं, मला इचारायचं की आदी." मग त्यांनी पाठीमागच्या खोडावर हात ठेवला. "उंबर. ह्योच."

कळंब नव्हे. बोटीत चढल्यापासून कंपालाच्या त्या मुलाचं नावही मनात आणायचं नाही असं ठरवलं होतं, आणि आता तिथंच बसून मी रडले. आबांनी उंबराची बारकी फांदी तोडली आणि माझ्या पदरात घातली. नारळ ठेवून घेतला. परतीची बोट ठरलेली होती, तेव्हा सोयर फिटल्यावर आबाच तो आमच्या नावानं फोडणार होते. एसटी हलताना त्यांनी हाक मारली ती पाव्हणं म्हणून नव्हे, नाव घेऊन.

नैरोबीला पोचेस्तोवर फांदी वाळून काडी झाली होती. आईनं तीच पुजली आणि माझं लग्न झालं. जाऊ इच्छिणाऱ्यांना माझं सांगणं एकच: आधी माणसाकडे जा, कचेरीत नंतर.

दोन वर्षांनी मी माहेरी आले असताना निमगावचं कार्ड आलं. कोपरा फाडलेला, म्हणजे वाईट बातमी. बाबांनी ते उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचलं. किसनआबा गेले, भावकीस सुतक आहे, कळावे. कार्ड यायला महिना लागला होता, दहा दिवस केव्हाच उलटले होते. तरी बाबा आंघोळीला निघाले. त्यांचे डोळे भरले होते आणि चेहऱ्यावर समाधानही होतं, मी खोटं कशाला सांगू. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणीतरी सुतक कळवलं होतं.

मीही टॉवेल घेऊन उठले. बाबा दारातून म्हणाले, "तुला नाही गं लागत. तू आता कळंबाची."

ते आत गेले. मी अंगणातल्या नळाखाली बसले आणि डोक्यावरून पाणी घेतलं.