आधी कातडी, मंग लोकर

मामा आधी तोंडाला रुमाल बांधायचे आणि मगच टेबलाजवळ यायचे. आम्ही नुसतं वाकून पाहिलं तरी डोळे वटारायचे. "श्वास तिकडं सोडा, मॅडम."

जालन्यातल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते सहायक होते. घर केदारखेड्याचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. सिलिकॉनच्या चकत्यांवरची घाण लेसरने उडवावी ती मात्र मामांनीच. आम्हा पदव्या मिरवणाऱ्यांचं ते काम नव्हे. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, ही घाण नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. चकती पुसली तर ओरखडे पडतात, धुतली तर वरचा नाजूक थर निघून जातो. लेसर कमी पडला तर घाण हलत नाही, किंचित जास्त झाला की थरच भाजतो.

आणि एकदा मीच माती खाल्ली. तीन वर्षं खपून केलेल्या चकत्यांपैकी एकच धड उरली होती आणि माझी सगळी पीएच.डी. तिच्यावर टांगलेली. तपासणीला पाठवायच्या दिवशी तिच्यावर बारीकसा तंतू दिसला. भाजलेल्या शेंगदाण्यांची सालं उडवावीत तशी मी सवयीने फुंकर मारली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर थुंकीचे ठिपके! मी तशीच मामांकडे धावले.

मामा रागावले नाहीत. "हिच्याच जोडीची फुटकी चकती असंल ना? तिचा तुकडा आणा."

"मामा, वेळ नाही हो. सरळ हिच्यावरच मारा."

"मी काय सांगून राह्यलो? आधी कातडी पाहा, मंग लोकर. मेंढराची कातडी हाताला कळल्याबिगर आमचा बाप कातर लावत नव्हता."

तुकड्यावर ते लेसर थोडाथोडा वाढवत गेले. सातव्या ठिकाणी तुकडा भाजला. "हितं रगत निघालं," म्हणाले आणि जोर बराच खाली आणला. मग माझी चकती. टिक, टिक, टिक. पडद्यावर एकेक डाग नाहीसा होत होता आणि खालचा थर जसाच्या तसा. मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली आहेत, पण अंगावर काटा आला तो त्या दुपारी.

निवृत्तीच्या दिवशी काय देऊ म्हणून विचारलं, तर मामांनी तो भाजका तुकडा मागितला. "समदं यानंच सोसलं, मॅडम."

गेल्या महिन्यात मामा वारल्याचं कळलं, तशी मी केदारखेड्याला गेले. मामींनी कोनाडा दाखवला. कातरीशेजारी तो तुकडा ठेवलेला होता.

"कुनाला हात लावू देत नव्हते. पुसून ठिवू का म्हनलं, तरी न्हाईच."

तुकड्यावर धूळ बसली होती. मी वाकले, ओठ पुढे आले आणि तिथेच थांबले. पदर तोंडाला लावला, मान वळवली, श्वास तिकडे सोडला. मगच रडले.