खुर्चीचा जोगवा

वाईच्या स्टँडवर मुलगा संदीप मला एसटीत चढवत होता. पायरी उंच आणि माझा गुडघा हट्टी. शेवटी कंडक्टरने वरून हात दिला, संदीपने खालून रेटा दिला आणि धान्याच्या पोत्यासारखी मी सांगलीला निघाले. त्याची नोकरी सांगलीजवळ कुपवाडला, फ्लॅट तिथेच माधवनगरला आणि आई वाईत एकटी. त्याचं बरोबरच होतं. पण जमलं नाही तर परत यायचं, असं ठरवून मी घराची किल्ली कमरेला खोचली होती.

तुम्ही वाईकर फोनवर विचारता, करमतं का? फ्लॅटला लिफ्ट आहे, न्हाणीघरात धरायला दांडा आहे. पण फाटकाबाहेर पडलं की मंडईपर्यंत बूड टेकायला जागा नव्हती. फूटपाथ उंच, त्यावर मोटारसायकली. आपल्या घाटाला पायऱ्या काय कमी आहेत? पण तिथे कुठल्याही पायरीवर बसा, कोणी हटकत नाही. "भाजी मोबाईलवरून मागवू की," संदीप म्हणायचा. भाजी येईल रे, पण मी घरात बसले की पाय गेलेच. मला भीती त्याचीच होती.

एका शुक्रवारी वाईची वेताची परडी घेऊन मंडईला निघाले. निम्म्या वाटेत गुडघ्याने दगा दिला, म्हणून एका घराच्या पायरीवर बसले. आतून बाई आली, परडीत ओंजळभर पीठ घातलं, कुंकू वाहिलं आणि चक्क पाया पडली. मंगळवार-शुक्रवारी जोगवा मागायला बायका येतात, त्यातलीच मी वाटले तिला. जन्मभर शाळेत शिकवलेली बाई मी! असा संताप आला. पण देवीच्या नावाचं पीठ परत कसं करणार?

"अहो, गुडघा दुखला म्हणून टेकले मी."

"अगं बया! चुकलंच की माझं. आवं आजी, आत या, च्या घ्या. आमची आत्याबी ह्याच्यापायीच भाईर पडत न्हाई बगा."

चहा घेताना तिचं नाव कळलं, कलाबाई. पुढच्या खेपेला तिच्या दाराशी प्लास्टिकची खुर्ची होती. मग मला चेव आला. तीच परडी घेऊन मंडईच्या वाटेवर दारोदार गेले आणि खुर्चीचा जोगवा मागितला. शिंप्याने बाकडं दिलं, औषधवाल्याने स्टूल. एकजण म्हणाला, "कोनबी येऊन बसंल की." म्हटलं, त्यासाठीच तर मागतेय! सरकारी बाकं येतील तेव्हा येतील.

एक खुर्ची आमच्या फाटकाशीही ठेवली. परवा तिच्यावर एक म्हातारी धापा टाकत बसलेली दिसली. माझी आई म्हणायची, "दारात आलेल्याला आधी टेकू द्यावं, मग गाव विचारावं." मी काही न विचारता पाणी दिलं. पाणी पिऊन तिनंच सांगितलं, ती कलाबाईंची आत्या. किती दिवसांनी घराबाहेर पडली होती, कोण जाणे.

"तुमी कुटल्या म्हनायच्या?" तिनं विचारलं.

वाईची म्हणायला तोंड उघडलं, आणि म्हणाले, "हितलीच की."